गाडीतला दिवा आपल्या डोळ्यांसाठी

अगं, गाडी घेतलीस आणि जळकोटहून उदगीरला रोज स्वतः चालवत जातेस, याचा मला केवढा आनंद झालाय ते फोनवर सांगून झालंच आहे. आता जरा निवांत बोलू. परवा तू म्हणालीस, ‘अक्का, वरचा दिवा लागत नाही. दुकानदार म्हणतोय, पांढराशुभ्र एलईडी टाका, सगळी गाडी उजळून निघेल.’ तू ‘विचारून सांगते’ म्हणून परत आलीस, ते फार बरं केलंस. बल्ब किरकोळ किमतीचा असतो, पण चुकीचा बसला तर रोज रात्री त्रास देतो आणि कशामुळे त्रास होतोय तेही लवकर ध्यानात येत नाही.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. खाली पडलेली किल्ली सापडावी, लेकराचा पट्टा नीट लागलाय का ते दिसावं, पावतीवरचा आकडा वाचता यावा, एवढंच त्या दिव्याचं काम. गाडी रस्त्याला लागली की त्याने विझून राहायचं. म्हणून बल्ब निवडताना ‘किती उजेड पडेल’ हे विचारण्याआधी ‘माझ्या डोळ्यांना काय सोसेल’ हे विचार.

तुझा रस्ता मी चांगला ओळखते. बालाघाटाच्या रांगांचा भाग, चढ-उतार, वळणं, आणि गाव मागे पडलं की पुढचं गाव येईपर्यंत मिट्ट काळोख. दिवाळीनंतर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला असतो. बैलगाड्या असतात, कडेला बसलेली जनावरं असतात. अशा रस्त्यावर काळ्या पार्श्वभूमीवरची काळी वस्तू तुला जितकी लवकर दिसेल तितकी तू सुखरूप. आणि ती दिसणं तुझे डोळे अंधाराला किती सरावलेत यावर असतं.

आपल्या डोळ्यांत दोन तऱ्हेच्या पेशी असतात. उजेडात रंग ओळखणाऱ्या वेगळ्या आणि अंधूक प्रकाशात आकार टिपणाऱ्या वेगळ्या. या दुसऱ्या पेशी अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतात, पण झगझगीत उजेड डोळ्यांवर आला की तो सराव क्षणात मोडतो. त्यांना निळसर-हिरवट प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो, तांबूस प्रकाश फारसा जाणवत नाही. म्हणून निळसर झाक असलेला पांढरा दिवा रात्री डोळ्यांना जास्त दिपवतो आणि पिवळसर, मंद दिवा कमी.

दुसरा त्रास काचेचा. आतला दिवा लागला की पुढची काच आरशासारखी वागायला लागते. तुझा चेहरा, सीटची कड, डॅशबोर्डवरचा कागद, सगळं काचेत उमटतं आणि पलीकडचा रस्ता त्या प्रतिबिंबामागे जातो. दिवा जितका प्रखर, तितकं प्रतिबिंब दाट. मागच्या सीटवर कुणाला काही शोधायचं असेल तर गाडी कडेला घे, थांब, मग दिवा लाव. लेकरं रडली तरी हाच नियम ठेव.

आता दुकानदाराच्या पांढऱ्या एलईडीचं. एलईडी वाईट नाही, उलट चांगलीच गोष्ट आहे. मुळात आत निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळा लेप. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा एलईडी घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, इतकं ते काम अवघड होतं. लेप कसा आणि किती, यावर प्रकाशाची छटा ठरते, आणि स्वस्त बल्बमध्ये ती बहुधा निळसरपणाकडे झुकलेली असते. छटा केल्व्हिनमध्ये मोजतात आणि तो आकडा पाकिटावर छापलेला असतो. जुना तारेचा बल्ब साधारण 2700 केल्व्हिनचा, म्हणजे उबदार पिवळा. 4000 ते 4300 म्हणजे स्वच्छ पांढरा, 6000 ते 6500 म्हणजे निळसर पांढरा. तू 3000 च्या आसपासचा माग, नाहीच मिळाला तर 4300 पर्यंत चालेल. 6500 वाला कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नकोस. पाकिटावर केल्व्हिनचा आकडाच नसेल तर दुकानात बॅटरीला लावून पेटवून दाखवायला सांग आणि आपल्या तळहातावर त्याचा उजेड पाड. तळहात निळसर, निस्तेज दिसला तर परत दे.

उजेड किती हवा, याचाही हिशेब साधा आहे. पाच वॅटचा जुना तारेचा बल्ब सुमारे 50 ल्युमेन उजेड देतो, दहा वॅटचा 75 च्या आसपास. वर्षानुवर्षं गाड्यांना एवढ्यातच भागलं. एलईडी तेवढाच उजेड एका वॅटच्या आत देतो. तेव्हा ‘दहापट उजेड’ असं लिहिलेला बल्ब तुझ्या कामाचा नाही. आपली आई मागे बसते तेव्हा उतरताना पायरी दिसली पाहिजे हे खरं, पण त्यासाठी दाराखालचा छोटा दिवा चालू ठेवणं उपयोगी. छतावरून डोळ्यांत खुपणाऱ्या झोताने तिला पायाखालचं काही जास्त दिसणार नाही.

आता माप. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण नुसतं ‘रूफ लाइटचा बल्ब द्या’ म्हटलं की समोर जो डबा असेल त्यातला मिळतो. छताच्या दिव्यात दोन जाती जास्त सापडतात. पहिली नळीसारखी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, टोकं निमुळती. त्याला फेस्टून म्हणतात. यात लांबीच सगळं ठरवते. 31, 36, 39 आणि 41 किंवा 42 मिलिमीटर अशी मापं येतात. पाच वॅटचा सी फाइव्ह डब्ल्यू साधारण 36 चा, दहा वॅटचा सी टेन डब्ल्यू 41 चा. 36 च्या जागी 39 कोंबला तर पितळी चिमटे ताणले जाऊन कायमचे सैल होतात, आणि 31 बसवला तर खड्ड्यात गाडी आपटली की दिवा मिचकावतो. दुसरी जात म्हणजे धातूची टोपी नसलेला, चपट्या काचेच्या पायाचा बल्ब. त्याला टी टेन किंवा डब्ल्यू फाइव्ह डब्ल्यू म्हणतात, काही दुकानांत ‘कॅपलेस’. नकाशा वाचायच्या दिव्यात, डिकीत, कितीतरी गाड्यांच्या नंबर प्लेटवर आणि पार्किंग लाइटमध्येही हाच असतो. डॅशबोर्डच्या बटणांमागे त्याचाच धाकटा भाऊ, टी फाइव्ह, असतो.

म्हणून जुना बल्ब हातात घेऊनच दुकानात जा. त्याच्या टोपीवर किंवा काचेच्या पायावर बारीक अक्षरांत व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाच. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानांकडे बल्बचा तक्ता असतो, तोही बघ. सेकंडहँड गाडीत पुस्तिका नसेल तर बहुतेक कंपन्या ती आपल्या वेबसाइटवर फुकट देतात.

व्होल्टकडे लक्ष दे. तुझ्या गाडीला 12 व्होल्ट लागतात. आपल्याकडच्या दुकानांत ट्रक-बसचे 24 व्होल्टचे बल्बही त्याच फळीवर असतात, आणि दिसायला दोन्ही सारखेच. 24 चा बल्ब तुझ्या गाडीत टाकलास तर मिणमिणता लागेल आणि तुला वाटेल वायरिंग गेलं. वॅटचं उलटं आहे. तारेचा बल्ब घेणार असशील तर पाचच्या जागी दहा टाकू नकोस. जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता, आणि वरचं प्लॅस्टिकचं झाकण पिवळं पडतं, वाकतं, कधी वितळतंसुद्धा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी असलेली गाडी आधीच भट्टी झालेली असते, त्यात हा ताप कशाला वाढवायचा?

एलईडी घ्यायचा तर तीन गोष्टी ध्यानात असू दे. एक, त्याला उलट-सुलट कळतं. तारेचा बल्ब कसाही बसला तरी लागतो, एलईडी उलटा बसला तर लागत नाही. ‘नवाच बल्ब खराब निघाला’ म्हणत दुकानात धावायच्या आधी काढ, टोकं फिरवून बसव. दोन, नव्या गाड्यांत दार लावल्यावर दिवा हळूहळू मंद होत विझतो. काही एलईडी ते नीट करत नाहीत. फडफडतात, किंवा विझल्यावरही काजव्यासारखे लुकलुकत राहतात. गाडीच्या नियंत्रकातून येणारा बारीकसा प्रवाह जुन्या तारेला पेटवायला पुरत नाही, एलईडीला पुरतो, म्हणून असं होतं. त्यावर ‘कॅनबस’ लिहिलेले बल्ब मिळतात. त्यांत जादा रेझिस्टर असतो आणि तो तापतो, म्हणून झाकण अगदी चिकटून असेल तिथे ते नको. तीन, अगदी नव्या मॉडेलांत कंपनीनेच एलईडी कायमचा जोडलेला असतो, बल्ब निघतच नाही. तिथे पेचकस खुपसू नकोस, तो अख्खा दिवाच बदलावा लागतो.

आणि दुकानदार ‘वायर कापून पट्टी जोडून देतो, रंग बदलते’ असं म्हणाला तर सरळ नाही म्हण. बल्ब बदलणं म्हणजे कंपनीने दिलेल्या खोबणीत बसेल ती वस्तू बसवणं. वायर सोलून, चिकटपट्टी गुंडाळून, मिळेल त्या तारेतून वीज घेऊन केलेली सजावट वेगळी. असा जोड उन्हाने सुटतो, तार पत्र्याला घासते, शॉर्ट होतं, आणि गाड्यांना आग लागण्याच्या कारणांत असली कामं असतात. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर ती वॉरंटीही गोत्यात येते.

आता बदलायचा कसा ते सांगते, कारण हे काम तुझं तू करायचं आहेस. दिवसा, सावलीत गाडी लाव. किल्ली काढ. दिवा थोडा वेळ चालू राहिला असेल तर दहा मिनिटं गार होऊ दे, तारेच्या बल्बची काच चांगलीच चटका देते. मग दिव्याचा फ्यूज काढ, किंवा बॅटरीची वजा टोकाची वायर सोडव. हे टाळू नकोस. कित्येक गाड्यांत दाराचं बटण वजा बाजू तोडतं, म्हणजे दिवा विझलेला असला तरी एका चिमट्यात वीज असतेच. पेचकसाचं टोक तो चिमटा आणि छताचा पत्रा दोघांना एकदम लागलं की ठिणगी उडते आणि फ्यूज जातो.

झाकणाच्या कडेला नखाएवढी खाच असते, बोट फिरवलंस की कळेल. चपट्या पेचकसाच्या टोकाला जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळ, खाचेत घाल आणि अगदी हलकं वळव. टक असा आवाज येतो आणि एक बाजू सुटते. दुसरी बाजू हाताने ओढ, पेचकसाने नको. जुनं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं असतं, जोर केलास तर त्याची दाढ तुटते आणि मग झाकण कायम खडखडतं. आत बल्ब दोन पितळी चिमट्यांच्या मधे ताणून बसलेला दिसेल. एक चिमटा अंगठ्याने किंचित बाहेर सार, बल्बचं ते टोक खाली येऊ दे, मग दुसरं काढ. काचेला मधे धरून ओढायचं नाही, काच टोपीतून निसटून बोट कापतं. चपट्या पायाचा असेल तर सरळ खाली ओढला की निघतो.

बल्ब निघाला की चिमटे बघ. हिरवट-काळपट गंज आला असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घास, धूळ पुसून घे. चिमटे सैल वाटले तर बोटांनी किंचित आत वाकव. आपल्याकडच्या धुळीत अर्धे दिवे इथेच अडतात, बल्ब चांगला असतो आणि जोड मेलेला असतो. नवा बल्ब बसव, फ्यूज लाव, आधी दिवा लागतो का बघ आणि मगच झाकण दाबून बसव. छताच्या कडेला, खांबावर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं असेल तर त्या भागात पेचकस, सुई, काहीच नेऊ नकोस.

पण थांब, बल्ब उडालाच आहे हे तरी नक्की का? विकत घेण्याआधी एवढं तपास. दिव्याच्या बटणाला बहुधा तीन जागा असतात. कायम चालू, दार उघडल्यावर, आणि बंद. गाडी धुवायला दिली, सीट पुसताना कुणाचा हात लागला आणि बटण ‘बंद’वर गेलं, हे फार वेळा होतं. ‘चालू’वर लागतो पण दार उघडल्यावर लागत नाही, तर बल्ब ठणठणीत आहे, दोष दाराच्या बटणाचा. दार उघडलं की खांबावर रबराची टोपी घातलेलं छोटं बटण दिसतं, त्यात धूळ जाऊन ते अडकतं. चारही दारं एकेक करून उघडून बघ, कोणत्या दाराला लागत नाही ते सापडेल. नव्या गाड्यांत हे बटण कुलपाच्या आत असतं, ते गॅरेजचं काम. बल्ब काढून उजेडाकडे धर, आतली तार तुटलेली किंवा काच आतून काळी झालेली दिसली तर बल्ब गेला. तार शाबूत असेल आणि सोबत म्युझिक सिस्टीमचं घड्याळ किंवा सेंट्रल लॉकही बंद पडलं असेल तर फ्यूज बघ. फ्यूजच्या झाकणावर कोणता कशाचा ते छापलेलं असतं. रंगही ठरलेले असतात. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. गेलेल्या रंगाचाच नवा घाल. लाल सारखा जातोय म्हणून पिवळा घातलास तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

बॅटरीचा हिशेबही माहीत असू दे. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची असते. दहा वॅटचा दिवा ताशी पाऊण अँपिअरहून थोडं जास्त खातो. रात्री दार नीट लागलं नाही आणि दिवा दहा तास जळत राहिला, तर आठ अँपिअर-अवर गेले. नवी बॅटरी हे सोसते. चार-पाच वर्षांची, अर्धी ताकद उरलेली बॅटरी थंडीतल्या सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती टकटक करेल, आणि तुझी उदगीरची वेळ चुकेल. एलईडीला ताशी अँपिअरचा दहावा हिस्साही लागत नाही. एलईडीचा खरा फायदा मला हाच वाटतो.

आणखी एक, जे बहिणीने बहिणीला सांगायलाच हवं. रात्री गाडीपाशी जाताना किल्ली हातात ठेव, दार उघडलं की दिवा लागलाच पाहिजे, आणि बसण्याआधी मागच्या सीटवर एक नजर टाक. म्हणून दिव्याचं बटण कायम ‘दार’ या जागेवर असू दे. बसलीस की दारं कुलूपबंद कर आणि दिवा विझव. स्टँडबाहेर, धाब्यासमोर आतला दिवा लावून फोन बघत बसू नकोस. तू बाहेरचं काही पाहू शकत नाहीस आणि बाहेरच्याला तू, तुझी पर्स, तुझं एकटं असणं, सगळं दिसतं. काळ्या फिल्मचा उपाय कुणी सुचवेल, तोही ऐकू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच काचांवर काळी फिल्म चिकटवायला मनाई केली होती. रात्री नाकाबंदीत पोलिसांनी थांबवलं तर मात्र काच खाली घे आणि आतला दिवा लाव. त्यांनाही आत कोण आहे ते दिसतं आणि बोलणं लवकर आटोपतं.

लाल-निळे लुकलुकणारे दिवे डॅशबोर्डवर ठेवायची हौस आपल्याकडच्या काही पोरांना आहे. ती तुझ्या गाडीत शिरू देऊ नकोस, धाकट्या दिराने कितीही आग्रह केला तरी. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा लाल दिवे उतरले. खासगी गाडीने पुढच्या बाजूला लाल उजेड दाखवणं नियमात बसत नाही, आणि समोरून येणाऱ्याला तो रुग्णवाहिकेचा वाटून गोंधळ होतो.

तर तुझ्यासाठी माझं मत असं : जुन्या बल्बच्याच मापाचा, 12 व्होल्टचा, 3000 केल्व्हिनच्या आसपासचा साधा एलईडी घे, तो मिळाला नाही तर तितक्याच वॅटचा तारेचा बल्ब घे. दोन्ही चालतील. फिलिप्स, ओसराम अशा नावाजलेल्या कंपनीचा, छापील पाकिटातला घे, सुटा नको. एक जादा बल्ब, एक-एक जादा फ्यूज आणि चिंधी गुंडाळलेला छोटा पेचकस एका डबीत घालून गाडीत ठेव. येत्या रविवारी दुपारी झाकण उघडून एकदा स्वतः बघ, बटणाच्या तिन्ही जागा तपास, चारही दारं तपास. अर्ध्या तासाचं काम आहे. गाडी तुझी आहे, तिच्यातली लहानसहान कामं तुझ्या हाताला माहीत असली पाहिजेत. अडलीस तर फोन कर, पण पेचकस आधी हातात घे.